गिटारला बारी कोण देणार?

वाद्यांची दुकानं बंद पडत चालली, अशी हळहळ सध्या जगभर ऐकू येते. अमेरिकेत 1924 साली सुरू झालेल्या सॅम अ‍ॅश या दुकानसाखळीनं शंभरी गाठली आणि त्याच वर्षी सगळी दुकानं आवरायला घेतली. गिब्सनसारखी गिटारची बडी कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीत जाऊन आली. सिंधुदुर्गातल्या माणसाला मात्र या शोकसभेत बसायला जागा नाही. आमच्या बाजारात टाळ, झांजा, फार तर ढोलकी मिळेल. गिटार हवी तर खाली म्हापसा-पणजी गाठायची, घाट चढून कोल्हापूरला जायचं, नाहीतर चतुर्थीला येणाऱ्या चाकरमान्याच्या गळ्यात ते काम घालायचं. जे दुकान इथं धड उघडलंच नाही, ते बंद पडलं म्हणून ऊर बडवायचा कसा? आणि तरीही आज देवबागपासून आचऱ्यापर्यंत गिटारी पोचल्या आहेत. त्या पार्सलनं येतात, आल्या दिवशी फोटोत येतात आणि पावसाळा संपेपर्यंत सुकत घातलेल्या बांगड्यासारख्या भिंतीवर लटकतात. म्हणजे दुकान असो वा नसो, गिटार येते. पण ती वाजती राहत नाही. खरा प्रश्न हा आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर दुकानात सापडणार नाही. वाद्य गिऱ्हाइकाच्या हौसेवर फार दिवस जगत नाही. त्याला गावात काहीतरी काम लागतं.

पुराव्याला आपली पेटी घ्या. हिचं माहेर पॅरिस. एकोणिसाव्या शतकात ती तिथं जन्मली आणि कलकत्त्यातल्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून वाजवण्याजोगी केली. पुढे विद्वानांनी तिच्यावर आरोप ठेवला की हिला मींड येत नाही आणि श्रुती कळत नाहीत. आकाशवाणीनं 1940 मध्ये तिला दाराबाहेर काढलं, ते 1971 पर्यंत आत घेतलं नाही. कोकणातल्या भजनी बुवांपर्यंत हा हुकूम एकतर पोचला नाही, किंवा पोचला तेव्हा समोरचा बुवा वरच्या पट्टीत चढला होता आणि त्यांना ऐकू आलं नाही. तीच गत बेंजोची. 1912 मध्ये जपानातल्या नागोयात हे वाद्य निघालं आणि फिरत फिरत आपल्या गणपतीच्या मिरवणुकीत असं शिरलं की आज ते परकं आहे म्हटलं तर लोक मारायला उठतील. या दोघांना कोकणात कोणी थाटामाटाची दुकानं काढून दिली नव्हती. त्यांना कामं दिली होती.

काम म्हणजे किती? डबलबारीत दोन बुवा आमनेसामने बसतात आणि बुवाच्या हाताखाली पेटी असते. रूपावली, अभंग, गजर, गवळण अशी रात्र सरकते आणि पेटीचा एक सूर कमी बोलला तर समोरचा बुवा पुढच्या बारीत त्याची जाहीर वरात काढतो. दशावतारात संहिता नसते. राक्षस कधी गर्जणार हे राक्षसालाही ऐनवेळी कळतं, आणि तेवढ्यात पायपेटी, मृदंग आणि झांजेला त्याच्याआधी तिथं पोचावं लागतं. चतुर्थीत वाडीतल्या प्रत्येक घरी भजन होतं आणि काळ्या वाटाण्याची उसळ खाऊन मंडळी पुढच्या घरी निघतात. अशी पेटी एकट्याची नसते. ती वाडीची असते, म्हणून तिचा भाता फाटला की सगळ्या वाडीचा श्वास अडकतो. चतुर्थी जवळ आली की दुरुस्तीवाल्याला शोधून आणतात आणि पखवाजाला शाई भरून घेतात. वाद्य टिकवणारी ही यंत्रणा आहे, आणि तिच्यात काचेचं कपाट कुठंच नाही.

उलट गिटारची दिनचर्या पाहा. मुलगा खोलीत, दार बंद, कानात हेडफोन, समोर यूट्यूबवरचे गुरुजी. हे गुरुजी भले. पण त्यांना शिष्याची बोटं दिसत नाहीत, त्यामुळे चुकलेला कॉर्ड दोघांच्याही संमतीनं पुढे चालू राहतो. समुद्राचा खारा वारा तारांना गंज चढवतो, पावसाळी दमटपणात लाकूड हलतं, आणि तार तुटली की नवी मागवावी लागते. पार्सल येईपर्यंत हौसही तुटलेली असते. चतुर्थीला कोणी दार वाजवून ‘चल रे, गिटार घे’ म्हणत नाही. याच किनाऱ्यावर चर्चच्या गायनात जिथं गिटार आहे, तिथं ती वाजती राहते, कारण रविवार कोणाच्या लहरीवर येत नाही. शेजारच्या गोव्यात लग्नात, नाचात तिला हक्काचं काम मिळालं, म्हणून तिथं गिटारवाला हा जावई म्हणूनही खपतो.

यावर कोणी म्हणेल, ऑनलाइननं तर वाद्य खेड्यापर्यंत आणलं. मान्य. आंबोलीच्या घाटात गिटार सांभाळत एसटीत उभं राहण्यापेक्षा हे शतपटीनं बरं, किंमतही परवडते. दुसरा आक्षेप आकड्यांचा: गिटार मरत असती तर 2020 च्या टाळेबंदीत फेंडर कंपनीनं विक्रीचा उच्चांक कसा केला असता? पण याच कंपनीच्या तत्कालीन प्रमुखानं आधी सांगून ठेवलंय की नवशिक्यांपैकी सुमारे 90 टक्के लोक वर्षभरात गिटार सोडतात. तेव्हा खप वाढला, याचा अर्थ भिंतीवरचे खिळे वाढले, इतकाच निघतो. तिसरा आक्षेप सर्वांत करारी: भजनात गिटार? परंपरेचं काय? परंपरेनं पॅरिसची पेटी मांडीवर घेतली आणि जपानी बेंजो खांद्यावर, तेव्हा ती बाटली नाही. आता सहा तारांनी बाटेल, इतकी ती नाजूक नाही. गिटारला मींड येते, हा मुद्दा तर आकाशवाणीच्या जुन्या विद्वानांनाही पटला असता.

दुकान गेल्याचं नुकसान नाहीच, असं मी म्हणत नाही. चांगला दुकानदार वाद्य विकण्याआधी वाजवायला लावायचा, तारा जुळवून द्यायचा आणि कुवतीबाहेरचं मागितलं तर तोंडावर सांगायचा. परतीच्या पार्सलची मुदत हे काम करत नाही. पण टीका फुकट करणारी माणसं मालवणात कमी नाहीत. त्यांच्यासमोर गिटार आणायचा अवकाश. गजरात एखादी सुरावट तिला द्या, जत्रेत दशावतार सुरू होण्याआधीचा अर्धा तास द्या, चतुर्थीत चार घरं द्या. पहिल्या वर्षी कोणीतरी ‘मेल्या, ह्यां काय वाजवतंस?’ म्हणेल. दुसऱ्या वर्षी समोरचा बुवा भर मंडपात गिटारवाल्याला नाव घेऊन सवाल टाकेल. तो सवाल ऐकून ज्या पोराला रात्रभर झोप लागणार नाही, त्याला सकाळी नव्या तारा लागतील; आणि अशी दहा पोरं झाली की तारा विकणारा माणूस बाजारात कोणी न सांगता टपरी टाकेल.