खरखर पुसताना हात आवरा

जुना कृष्णधवल चित्रपट घरच्या पडद्यासाठी नव्याने साफ करायला जो कोणी बसतो, त्याची परीक्षा घ्यायची असेल तर त्याच्या हातात ‘रिफिफी’ द्यावा. 1955 चा हा फ्रेंच चित्रपट दिग्दर्शक ज्यूल्स डॅसिनचा. त्यातला दरोडा जवळपास अर्धा तास चालतो आणि त्या अर्ध्या तासात संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. चौघे जण पॅरिसमधल्या एका जवाहिऱ्याच्या दुकानावरच्या घरात शिरतात, जमीन फोडतात. भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून उघडतात, म्हणजे सुटणारी चुना-माती तिच्यातच पडेल. धोक्याच्या घंटेत आग विझवायच्या नळकांड्यातला फेस भरून तिचा आवाज बंद करतात. हातोडीचे दबके घाव, कापडाची सळसळ, दमलेल्या माणसांचे श्वास. एवढ्यावर प्रेक्षक खुर्चीला खिळून राहतो.

संगीतकार जॉर्ज ऑरिक या प्रसंगासाठी संगीत घेऊन आला होता. डॅसिनने त्याला प्रसंग दोनदा दाखवला, एकदा संगीतासह, एकदा संगीताविना. ऑरिकनेच सांगितलं, संगीत काढून टाक. स्वतःचं काम असं बाजूला ठेवायला मोठं मन लागतं. साफसफाई करणाऱ्यांकडून मला नेमकं हेच हवं आहे.

त्या काळातल्या फिल्मवर आवाज कडेच्या अरुंद पट्टीत, प्रकाशाने छापलेला असे. त्यात बारीक खरखर मुळातच असते. पुढे धूळ आणि ओरखडे त्यात टिकटिक मिसळतात. टिकटिक काढा, फिल्मच्या जोडाजवळचा ठोका काढा, कुणाची तक्रार नाही. पण खरखर खरवडून काढायचं बटण दाबलं की संगणक कापडाची सळसळही घेऊन जातो, कारण त्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात. मग हातोडीच्या दोन घावांमध्ये ती खोलीच उरत नाही. घाव, पोकळी, घाव, पोकळी. मध्यरात्रीचं पॅरिस गेलं, चौघांचं भय गेलं. डिस्कच्या पेटीवर मात्र छापायचं, ‘क्रिस्टल क्लिअर साउंड’.

चित्राचीही हीच गत. ऊन पडलं की डॅसिन चित्रीकरण करत नसे. त्याला पॅरिस करडंच हवं होतं, ओल्या रस्त्यांचं, हिवाळ्यातलं. निर्माते वैतागले तरी तो हटला नाही. फिलिप अगोस्तिनीच्या कॅमेऱ्याने या एका करड्या रंगाच्या कितीतरी छटा टिपल्या आहेत. टीव्हीच्या दुकानात झगझगीत दिसावं म्हणून कॉन्ट्रास्ट चढवला की कोळशासारखा काळा आणि चुन्यासारखा पांढरा एवढंच शिल्लक राहतं. कृष्णधवल चित्रपटात करडा रंग हाच सगळा ऐवज. तो चोरीला गेला तर मागे कथानक उरतं, आणि कथानक तर चार ओळींत सांगून होतं.

नावाजलेल्या हातांकडूनही हे घडतं. जुने चित्रपट डिस्कवर आणणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने 2021 मध्ये ‘सिटिझन केन’ हा चित्रपट आणला, तेव्हा ब्ल्यू-रे डिस्कवर साधारण अर्ध्या तासानंतर कॉन्ट्रास्टच ढासळला. लोकांनी बोट ठेवलं, कंपनीने डिस्क बदलून दिल्या. ओरडणारे प्रेक्षक होते म्हणून बदलल्या, हे विसरू नये.

आता ग्रेन. फिल्मवरचा चांदीच्या कणांचा तो हलता रवाळ पोत हा दोष समजून घासून काढण्याची खोड मला अजिबात सहन होत नाही. ग्रेन म्हणजे चित्रावर बसलेली घाण नाही. चित्र त्याच कणांचं बनलेलं असतं. कण पुसले की सुरकुत्या जातात, दाढीचे खुंट जातात, माणसं मेणाची होतात. ‘रिफिफी’त तर हे पापच ठरेल. तिजोरी उघडण्यात वाकबगार असलेल्या सेझारचं काम स्वतः डॅसिनने केलं आहे, पेर्लो व्हिता या नावाने. हा सेझार तोंड उघडतो, साथीदाराचं नाव सांगतो आणि त्याची किंमत मोजतो. डॅसिनने हे कुठून आणलं? हॉलिवूडमधल्या सहकाऱ्यांनी 1951 साली अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्ट म्हणून त्याचं नाव घेतलं होतं. काळ्या यादीत पडल्यावर 1950 च्या ‘नाइट अँड द सिटी’नंतर थेट ‘रिफिफी’पर्यंत त्याच्या हाती चित्रपट लागला नाही. इतकी वर्षं चित्रपटाविना राहिलेला माणूस स्वतःच नाव फोडणाऱ्याचा वेष घेतो आणि स्वतःला गोळी घालवून घेतो. तो घामेजलेला चेहरा गुळगुळीत करण्याचा अधिकार कुणालाही नाही.

या चित्रपटासाठी डॅसिनला कान चित्रपट महोत्सवात दिग्दर्शनाचं पारितोषिक विभागून मिळालं. त्याचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकायचं तर क्रायटेरियनच्या डिस्कवर 2000 साली घेतलेली मुलाखत आहे. 2014 च्या ब्ल्यू-रेवर 2के प्रतीसोबत आवाजही मोनोच आणि न दाबता ठेवला आहे. उगाच पाच स्पीकरांत वाटलेला नाही. शाबास. बहुतेक स्ट्रीमिंगवर नुसता चित्रपट येतो, त्यामागचा माणूस येत नाही.

पण ही डिस्क मुंबई-पुण्यात आणून भागत नाही. ब्ल्यू-रेसाठी जगाचे तीन तुकडे, म्हणजे रीजन, पाडले आहेत. अमेरिका ए, युरोप बी, भारत सी. ए-पुरती बांधलेली ही डिस्क आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर चालतच नाही. पैसे मोजून, कस्टम भरून, वर सर्व रीजन चालवणारा प्लेअर शोधत हिंडायचं. इतकी मेहनत करून वाचवलेला चित्रपट व्यापाराच्या सोयीसाठी अडवून ठेवणं हा निव्वळ कद्रूपणा आहे. हे रीजन आजच्या आज रद्द करा.

आणि डिस्क मिळालीच, तर आधी टीव्हीचा मेनू उघडा. मोशन स्मूदिंग बंद. नॉइज रिडक्शन बंद. शार्पनेस तळाला. ‘व्हिव्हिड’वरून ‘सिनेमा’वर या. चित्र जवळपास चौरस आहे, ते दोन्ही बाजूंना ओढून रुंद करू नका, कडेच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. पंखा बंद करा. मग आवाज वाढवा आणि दरोडा सुरू होऊ द्या.