जुनी मोटार : लक्षणे, धूर व कागदपत्रे

जुन्या मोटारीचे सरकारदरबारी दोन प्रकार आहेत : भंगार आणि वारसा. धाराशिव जिल्ह्यात तिसरा प्रकार आढळतो. ही मोटार सकाळी दळण आणते, दुपारी कडब्याच्या पेंढ्या टपावर घेते, लग्नसराईत नवरदेव मिरवते आणि उरलेला वेळ लिंबाच्या सावलीत बोनेट उघडे टाकून उभी असते. तिला भंगार म्हटले तर मालक बोलणे टाकतो. वारसा म्हटले तर आपली थट्टा चालली आहे असे त्याला वाटते. त्याच्या लेखी ती नुसती ‘गाडी’ असते, आणि ती बदलायची का, या प्रश्नाला ‘चालतीय की’ एवढे उत्तर त्याला पुरते.

या प्रकारात मान फियाटचा. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागलेली ही गाडी सत्तरच्या दशकात ‘प्रीमिअर पद्मिनी’ झाली. परंतु तालुक्याच्या गावात कोणी तिला त्या नावाने हाक मारल्याचे उदाहरण विरळाच. इंजिन १०८९ सीसीचे, गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, आणि मागची सीट तिघांची. चौथा बसतो तो नात्याच्या जोरावर. मालक बहुधा डॉक्टर, वकील किंवा आडत व्यापारी. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस संपली, तेव्हा तिकडे हळवे लेख छापून आले. इकडे त्या बातमीवर चर्चा झाली ती आता तिकडचे स्पेअर पार्ट स्वस्तात निघतील का, एवढीच.

अँबेसेडर १९५८ ते २०१४ अशी उत्तरपाड्याला बनत राहिली. जिल्ह्यात ती पांढऱ्या रंगात, टपावर दिवा लावून आली आणि लिलावात दिवा सोडून लोकांकडे गेली. तिच्यात मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवणे हा एके काळचा सर्रास उद्योग होता, त्यामुळे बाहेरून कलेक्टर आणि आतून टेम्पो असे तिचे रूप पुष्कळ दिवस पाहायला मिळाले. तिसरी महिंद्राची जीप. काळी-पिवळी रंगवून वडाप करणाऱ्या जीपमध्ये चालकाच्या डाव्या हाताला तर प्रवासी असतातच, पण उजव्या हातालाही एक असतो. त्या स्थितीत गिअर कोण टाकतो, याचा खुलासा परिवहन खात्याच्या कोणत्याही नमुन्यात मागितलेला नाही.

धुराचे नियम देशात उशिरा आले. पेट्रोल गाड्यांसाठी १९९१ साली, डिझेलसाठी त्याच्या पुढच्या वर्षी. १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. धाराशिव, म्हणजे तेव्हाचे उस्मानाबाद, हे पाचवे महानगर नसल्याने तिथे विकल्या गेलेल्या फियाटच्या सायलेन्सरात सायलेन्सरच राहिला. पुढे भारत स्टेज एक, दोन, तीन असे टप्पे आले आणि एप्रिल २०१० मध्ये खरी गंमत झाली. स्टेज चार हा कडक टप्पा त्या वेळी देशातल्या तेरा शहरांपुरता लागू झाला. यादीत दिल्ली होती, मुंबई होती, पुणे होते, आणि सोलापूरही होते. बाकी देशाला स्टेज तीन. म्हणजे तुळजापूरहून जेमतेम तासाभराच्या अंतरावर सोलापुरात नवी गाडी घेणाऱ्याला स्वच्छ इंजिन घ्यावे लागे, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून तामलवाडीच्या या बाजूला आले की त्याहून मळके चालत असे. ही व्यवस्था एप्रिल २०१७ पर्यंत टिकली. एवढ्या काळात धुराला ही हद्द कोणी दाखवल्याची नोंद नाही. २०२० साली पाचवी पायरी गाळून देश थेट स्टेज सहावर गेला.

यातले काहीही जुन्या मोटारीला लागू नाही. जुन्या मॅट्रिकवाल्याला कोणी आजची प्रवेशपरीक्षा द्यायला बसवत नाही, तसे गाडीचे मोजमाप तिच्या जन्मकाळच्या नियमाने होते. स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल मोटारीने जागेवर चालू असताना तीन टक्क्यांपर्यंत कार्बन मोनॉक्साइड सोडायला मुभा आहे. स्टेज दोन आणि तीनच्या गाडीला अर्धा टक्का. जुन्या डिझेलच्या धुराचा काळेपणा हार्ट्रिज एककात ६५ पर्यंत चालतो. स्टेज चारच्या आधीच्या गाडीचे धूरतपासणीचे प्रमाणपत्र, म्हणजे पीयूसी, सहा महिने चालते, नंतरच्या गाडीचे वर्षभर. ते जवळ नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, जो कित्येकदा गाडीच्या बाजारभावाच्या डोळ्यात डोळे घालून बघतो.

पीयूसीच्या तपासणीचे शास्त्र साधे आहे. एक भाग पेट्रोल पुरते जाळायला वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. पेट्रोल जास्त झाले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. फारच कमी झाले की ठिणगी चुकते आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. नव्या गाडीत हा हिशेब संगणक सेकंदासेकंदाला करतो. फियाटमध्ये तो कार्ब्युरेटरवरच्या एका पितळी स्क्रूकडे आणि त्या स्क्रूचा हिशेब मिस्त्रीकडे असतो. म्हणून परीक्षेच्या दिवशी मिस्त्री गाडीबरोबर जातो. आधी गाडी गावाबाहेर चक्कर मारून चांगली गरम केली जाते, कारण थंड इंजिन चोकवर असते आणि चोकवर कोणीच खरे बोलत नाही. मग प्लग पुसायचे, पॉइंटला पॉलिश पेपर मारायचा आणि स्क्रू पाव आटा आत. इंजिन थरथरू लागते. यंत्राची नळी सायलेन्सरात जाते, पडद्यावर आकडे खालीवर होतात, मालक श्वास धरतो, नंबरप्लेटचा फोटो निघतो आणि कागद हातात पडतो. कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवला की मिस्त्री स्क्रू पाव आटा बाहेर घेतो, कारण त्याशिवाय गाडी तुळजापूरचा घाट चढत नाही. हे पाव आट्याचे अंतर म्हणजेच नियम आणि घाट यांच्यातला फरक होय.

डिझेलची परीक्षा याच्या उलट. तिथे गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबतात आणि निघालेल्या धुरातून प्रकाश किती पार जातो ते मोजतात. वडाप जीपच्या चालकाला हे मुळातच पटत नाही. काळा धूर म्हणजे पंप व्यवस्थित डिझेल देतो आणि गाडी ओढते, अशी त्याची समजूत. पांढरा धूर दिसला तर तो घाबरतो, निळा दिसला तर रिंगपिस्टनचे पैसे मोजू लागतो. काळा दिसला की निश्चिंत असतो. रंगांचा हा क्रम प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या क्रमाशी जुळत नाही.

हवा बिघडलेल्या शहरांच्या केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातून सोलापूर आहे, लातूर आहे, जालनाही आहे, धाराशिव नाही. शेजाऱ्यांचे नाव लागावे आणि आपले राहून जावे, याची मराठवाड्याला सवय असल्यामुळे त्याबद्दल कोणी मोर्चा काढलेला नाही. उत्सर्जनावरचा जिल्ह्यातला सर्वांत कडक निर्बंध मात्र कोणत्याही मंडळाने घातलेला नाही. कोजागरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची एवढी गर्दी होते की त्या रस्त्यावर वाहनेच बंद ठेवतात. स्टेज चारवाला आणि साडेतीन पिढ्यांच्या फियाटचा मालक दोघेही तेव्हा सारख्याच अनवाणी पायांनी चालतात, आणि कोणाचेही पीयूसी विचारले जात नाही.

जुन्या इंजिनाचा खरा छळ कायद्याने झाला नाही, पेट्रोलने झाला. पूर्वी पेट्रोलमध्ये शिसे असे. त्याने इंजिनात ठोके पडत नसत आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक मऊ थर राही. फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले. लोकांच्या फुप्फुसांचे भले झाले आणि फियाटच्या बैठका झिजू लागल्या. हेड उतरवून कठीण धातूच्या रिंगा बसवल्या की तो प्रश्न मिटतो. मिस्त्रीच्या मुलाच्या शिक्षणाचाही थोडाफार मिटतो.

तो मिटतो न मिटतो तोच इथेनॉल आले. २०२३ पासून पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि २०२५ पर्यंत ते बहुतेक पंपांवर पोचले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, टाकीच्या तळाशी बसलेली जुनी राळ सोडवून जेटमध्ये आणते आणि जुन्या जातीचे रबर फुगवते. इथे धाराशिवकराची स्थिती नाजूक होते. जिल्हा उसाच्या कारखान्यांचा, इथेनॉल उसाचे. ज्याचा ऊस कारखान्याला जातो, त्याच्याच घरच्या फियाटचा पेट्रोलचा पाइप त्या उसाने गळू लागतो. तक्रार करावी तर पहिल्या उचलीवर परिणाम होईल अशी धास्ती. शिवाय २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत चोराखळीच्या कारखान्याने इथेनॉलच्या प्रकल्पात फेरबदल करून त्यातून ऑक्सिजन तयार केला होता, त्यामुळे इथेनॉलला नावे ठेवणे बरे दिसत नाही. त्यातून एक लाभही आहे. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्ब्युरेटरचे मिश्रण आपोआप पातळ होते आणि कार्बन मोनॉक्साइड उतरतो. गाडी खोकते, अॅव्हरेज घटते, पाइप ठिबकतो, आणि पीयूसी मिस्त्रीशिवाय पास होते.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेमध्ये इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलची पाइपातच वाफ होते आणि पंपाला ओढायला काही उरत नाही. उपाय म्हणजे पेट्रोलपंपावर, म्हणजे बोनेटखालच्या छोट्या पंपावर, ओले फडके. रेडिएटरला पाणी लागते; ते बोअरचे क्षारयुक्त असल्याने आत थर धरतो. ज्या वर्षी टँकर सुरू असतात त्या वर्षी रेडिएटरसाठी घागर मागायला मालक स्वतः जात नाही, पोराला पाठवतो.

कागदपत्रांचा भाग इंजिनापेक्षा गुंतागुंतीचा आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मोटारीसाठी हे शुल्क सहाशे रुपये असे. एप्रिल २०२२ पासून ते पाच हजार झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी दहा हजार. शिवाय राज्याने २०१० साली आणलेला पर्यावरण कर. त्याचा अर्थ असा की पंधरा वर्षांपर्यंत गाडीचा धूर फुकट सोडता येतो, पुढे पैसे भरून. मालक हे पैसे भरतो आणि धुराचा मालकी हक्क आपल्याला मिळाला असे समजतो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण पाटीवरचे एमएच २५ तेच राहिले, त्यामुळे रंगाऱ्याचा खर्च वाचला. तोही फार दिवस नाही. २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी आली आणि तिच्यासाठी चेसिस क्रमांक संगणकातल्या नोंदीशी जुळवावा लागला. एमएच २५ च्याही आधीच्या, तीन इंग्रजी अक्षरांच्या गाड्यांचा चेसिस क्रमांक शोधण्यासाठी प्रथम चाळीस वर्षांचे ग्रीस खरवडावे लागते. त्याखाली क्रमांक सापडला तर तो कागदावरचाच असेल, असे मिस्त्री छातीठोकपणे सांगत नाही.

आता वारसा. जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ स्वरूपात हवी. वीस हजार रुपये भरले की ‘व्हीए’ अक्षरांची खास पाटी मिळते आणि ती नोंदणी दहा वर्षे चालते. अट एवढीच की ती गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल आणि इंधन भरणे यांसाठी तिला रस्त्यावर येता येते. म्हणजे पेट्रोल भरायला जाता येते. येताना भाजी घेतली तर तो नियमभंग. धाराशिवच्या आठवडी बाजारात पिशवी घेऊन संशोधन चालले आहे असे पटवणे सोपे नाही. या नियमाला शोभणारी गाडी जिल्ह्याच्या पूर्वीच्या मालकांकडे होती. उस्मानाबाद हे नाव ज्यांच्यावरून पडले त्या निजाम मीर उस्मान अली खान यांच्या घराण्याची १९१२ ची पिवळी रोल्स रॉइस, मागे सिंहासनासारखे आसन असलेली, उभ्या आयुष्यात काहीशे मैलच धावली. कायद्याला अशीच गाडी आवडते. १९७४ ची फियाट वयाने पात्र ठरली तरी तिचे इंजिन दोनदा बदललेले, पत्रा तीनदा ठोकलेला आणि एक दार भंगारातल्या दुसऱ्या फियाटचे असते. मूळ राहिलेले असते ते फक्त कर्ज फेडल्याचे पत्र.

राहिले भंगार. त्यासाठी नोंदणीकृत केंद्रात गाडी द्यायची, तिथून जमा केल्याचे प्रमाणपत्र घ्यायचे आणि आरटीओत नोंदणी रद्द करायची. हे न करता गाडी किलोवर विकली तर ती कागदोपत्री जिवंत राहते आणि तिचा कर मालकाच्या नावावर चढत राहतो. त्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. मालक हे सारे लक्ष देऊन ऐकतो, सवलत नेमकी किती तेही विचारून घेतो. सवलतीसाठी आधी नवी गाडी घ्यावी लागेल हे कळल्यावर तो फडके ओले करून बोनेट उघडतो.