कोकोचे बाबा वाईला निघतात

कोकोच्या बाबांना स्वतःचं नाव आहे. आधार कार्डावर ते छापलेलंही आहे, पण सोसायटीत ते कोणालाच ठाऊक नाही. त्या नावाचं कुरिअर आलं की वॉचमन ‘असे कोणी इथे राहत नाहीत’ म्हणून परत लावतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी हिंजवडीला, आणि टीशर्ट कुठल्याही रंगाचा घातला तरी छातीवर पिवळट केसांची नक्षी. कोको म्हणजे त्यांचा लॅब्रॅडॉर. वजन 39 किलो. डॉक्टरांच्या मते ते 32 असायला हवं, पण डॉक्टरांनी कोकोचे जेवतानाचे डोळे पाहिलेले नाहीत.

बुधवार उजाडला की बाबांना कोकोचं तोंड उतरल्यासारखं दिसू लागतं. ‘त्याला चेंज हवाय,’ असं ते कोकोच्या आईला सांगतात. कोको त्या वेळी सोफ्यावर उताणा पडून घोरत असतो. बुधवारीच बाबांची साहेबांबरोबर मीटिंग असते, याचा आणि कोकोच्या तोंडाचा काही संबंध असावा अशी मला दाट शंका आहे.

चेंजसाठी कुठे जायचं हेही कोकोच ठरवतो. त्याला लोणावळ्याची गर्दी सोसत नाही, महाबळेश्वर फार बाजारी वाटतं, अलिबागला अर्धी मुंबई आलेली असते. त्याला लागतं एखादं टुमदार, जुनं गाव. नदी हवी, दगडी घाट हवेत, पडके का होईना पण वाडे हवेत. म्हणजे वाई. कोकोने हे नेमकं कधी सांगितलं ते मात्र विचारायचं नाही.

मग राहायच्या जागेचा शोध. कुत्र्यांचं स्वागत करणारी रिसॉर्ट हल्ली पुष्कळ झाली आहेत. फक्त ते स्वागत हिरवळीवर नसतं, पलंगावर नसतं, जेवायच्या हॉलमध्ये नसतं आणि पोहायच्या तलावापासून तर लांबच असतं. राहतं पार्किंग. तिथे स्वागत असतं, आणि त्याचे पैसे वेगळे. शेवटी बाबा गावातल्या एका साध्या लॉजला फोन लावतात.

‘आमच्याबरोबर डॉगी आहे. चालेल ना?’

‘चावतंय का?’

‘छे, छे! खूप फ्रेंडली आहे.’

‘मग आणा की. आमचं चावतंय. त्याला बांधून ठेवतो.’

शुक्रवारी रात्री सामान भरायला घेतात. कोकोची गादी, कोकोचं पांघरूण, घडी होणारं रबरी भांडं, गोचिडांचा स्प्रे, लसींचं पुस्तक, दोन टॉवेल, शी उचलायच्या पिशव्यांचं भेंडोळं, मीठ न घालता उकडलेल्या चिकनचे डबे, दहीभाताचा डबा, आणि कोकोला घरची आठवण आली तर म्हणून बाबांचा एक न धुतलेला मोजा. उरलेल्या जागेत, म्हणजे स्टेपनीच्या खाली, कोकोच्या आईचे कपडे.

पहाटे निघायचं. कात्रजचा बोगदा सुटला, खेड-शिवापूरचा टोलनाका गेला की बाबांच्या चेहऱ्यावर तेज येतं. खिडकीची काच खाली होते, कोकोचं तोंड बाहेर जातं, जीभ वाऱ्यावर फडफडू लागते. ‘बघ, किती एन्जॉय करतोय!’ खंबाटकीच्या घाटात, चौथ्या-पाचव्या वळणाला, कोको एन्जॉय केलेलं सगळं मागच्या सीटवर काढतो. दोन टॉवेल कशाला, ते आत्ता कळतं. सुरूर फाट्याला वळेपर्यंत गाडीत कोणी बोलत नाही.

वाईत शिरल्यावर पहिला मुक्काम ढोल्या गणपतीचा. रास्त्यांनी 1762 साली हे देऊळ बांधलं. देवळामागच्या भिंतीची रचना मत्स्याकार आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून, ही माहिती बाबा कोकोला देतात. कोको आत जाऊ शकत नाही, त्यामुळे दर्शन आळीपाळीने. एकाने पट्टा धरून बाहेर उभं राहायचं. माझ्या मते खरी वाई याला दिसते. आत गेलेला हात जोडून पाच मिनिटांत बाहेर येतो. बाहेरच्याला मात्र धुणं बडवणाऱ्या बायका, पाण्यात सूर मारणारी पोरं, पिशवीत काकडी घेऊन निघालेले निवृत्त मास्तर, सगळे भेटतात. एरवी पुण्याच्या माणसाकडे इथे कोणी ढुंकून पाहत नाही. कोको बरोबर असला की गोतावळा जमतो.

‘कुठली जात म्हणायची?’

‘लॅब्रॅडॉर.’

‘केवढ्याला पडलं?’

बाबा आकडा पुटपुटतात. मास्तरांच्या हातातली काकडीची पिशवी किंचित खाली येते.

‘राखण करतं?’

‘नाही हो. चोर आला तरी शेपूट हलवेल.’

‘शिकार?’

‘अजिबात नाही.’

‘मग करतं काय?’

या प्रश्नावर कोकोचे बाबा दर वेळी अडतात. यांच्या पूर्वजांनी न्यूफाउंडलंडच्या गार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढली, असं ते सांगून पाहतात. त्याच क्षणी कोको कृष्णेच्या पहिल्या पायरीवर पंजा भिजला म्हणून चार पायऱ्या मागे उडी मारतो. मास्तर शहाणे. ते म्हणतात, ‘असू द्या. दत्तगुरूंच्या पायाशी चार आहेत, ती तरी काय करतात?’ आणि निघून जातात.

दुपारी मेणवली. तिथल्या घाटावर बाबांचं व्याख्यान जरा लांबतं. हा नाना फडणविसांचा वाडा. ही घंटा पोर्तुगीजांची, हिच्यावर 1707 साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, तेव्हा ती मराठ्यांच्या हाती लागली. ‘स्वदेस’चं शूटिंग इथलंच. कोको सगळं ऐकून घेतो आणि मुंबईच्या एका गाडीच्या चाकापाशी जाऊन पाय वर करतो. येताना वाटेत बाबांना आठवतं की मराठी विश्वकोशाचं काम वाईतून चालतं. त्या विश्वकोशात ‘कुत्रा’ अशी रीतसर नोंद आहे. बाबांनी ती वाचलेली नाही. कोकोला काय खायला द्यायचं हे ते मोबाइलवर एका कॅनडातल्या बाईंकडून शिकतात.

आणि त्या बाईंचा सगळा अभ्यास संध्याकाळी मातीत जातो. लॉजच्या अंगणात बाबा चिकनची वाटी घेऊन कोकोच्या मागे फिरत असतात. नामदेवांच्या गोष्टीत कुत्रं पोळी पळवतं आणि महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. इथे पळवापळवीच नाही, नुसतीच वाटी. ‘कोको, कम! कोको, ईट! बाबाला त्रास देऊ नको ना!’ कोको ढिम्म. तेवढ्यात लॉजवाल्यांच्या आई ओसरीवरून ‘यू, यू, यू’ करतात. जन्मात ही हाक न ऐकलेला कोको कान टवकारतो आणि सरळ त्यांच्या पायाशी जाऊन बसतो. त्या शिळ्या भाकरीचा चतकोर दुधात कुस्करून पुढे सरकवतात. दोन मिनिटांत ताट चाटूनपुसून लख्ख. शेजारी बांधलेलं, चावणारं, मोत्या नावाचं कुत्रं हे सगळं पाहत असतं. पण पाहुणा म्हणून तेही सोडून देतं.

‘आजी, त्याला दूध सोसत नाही,’ बाबा क्षीण आवाजात म्हणतात.

‘तुम्हाला सोसतं का? मग तुम्ही पण बसा,’ आजी म्हणतात. आणि हिंजवडीचा सीनियर मॅनेजर त्या रात्री ओसरीवर मांडी घालून पिठलं-भाकरी खातो, लॉजवाल्यांच्या धाकट्याचं लग्न का जमत नाही याची साद्यंत हकिकत ऐकतो, आणि दहा वाजता मोबाइल न उघडता झोपतो. चेंज म्हणतात तो हाच. कोको आला नसता तर हे गृहस्थ खोलीत बसून लॅपटॉप उघडणार होते. म्हणून मी त्यांना हसतो खरा, पण वाईटसाईट बोलत नाही.

आता तुमच्याही घरात असा कोको असेल आणि तुम्हीही निघत असाल, तर जरूर जा, पण एप्रिल-मेच्या दुपारी घाटावर नेऊ नका. त्या दगडावर आधी स्वतःचा तळहात ठेवून बघा. तुम्हाला सोसला नाही तर त्यालाही सोसणार नाही, कारण त्याच्या पायात चप्पल नसते. रेबीजची लस टोचलेली असू द्या, आणि घाटावर पट्टा सोडू नका. लसींचं पुस्तक वरच्या कप्प्यात ठेवा. पिशव्यांचं ते भेंडोळं नुसतं मिरवायला नेऊ नका. घाटावर सकाळी बायका अनवाणी येतात.