वाघाच्या जेवणाची मोजदाद

व्याघ्रगणना म्हटलं की डोळ्यांपुढे वाघ येतो. माझ्याही आला होता, म्हणून तर स्वयंसेवकाचा अर्ज भरला. मेळघाटात पोचल्यावर कळलं, की दर चार वर्षांनी होणाऱ्या या गणनेत वाघाचं जेवणही मोजतात. एका वाघाला वर्षाकाठी चितळ-सांबरासारखी पन्नासेक जनावरं लागतात. तेव्हा जंगल किती वाघ पोसेल, हे गवत-पाला खाणाऱ्यांवर ठरतं. वाघ कॅमेऱ्यांच्या वाट्याला गेले. गवतखाऊ माझ्या.

पद्धत ऐकायला सोपी. जंगलात दोन किलोमीटरची सरळ रेषा आखलेली असते. उजाडताच तिच्यावरून मुकाट चालायचं. जनावर दिसलं की जात, संख्या, होकायंत्राचा कोन आणि रेंजफाइंडरचं अंतर लिहायचं. पुढे त्या कोनाच्या साइनवरून जनावर रेषेपासून किती लांब होतं ते काढतात. दहावीनंतर ज्या साइनशी मी संबंध तोडले होते, ती सागाच्या जंगलात गाठेल असं वाटलं नव्हतं.

मुकाट चालणं माझ्या नव्या पँटला मंजूर नव्हतं. ‘खास जंगलासाठी’ म्हणून दुकानदाराने गळ्यात मारलेली ती पँट पावलागणिक खसखसायची आणि वही काढायला खिसा उघडला की वेल्क्रोच्या आवाजाने वानरं खेकसायची. चितळांचा कळप उधळला. पार पलीकडे जाऊन थांबला, तेव्हा मी नेम धरून अंतर घेतलं.

“पयले दिसले तेथलं मोजा जी,” सोबतचा वनरक्षक म्हणाला. “आता ते परतवाड्याले पोचले.”

या सगळ्या शास्त्राचा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे: लांबचं जनावर नजरेतून सुटलं तरी गणित सांभाळून घेतं, पण ऐन रेषेवरचं सुटता कामा नये. ज्याने हे मांडलं, तो मला भेटला नसावा. गाव उठून गेल्यावर झालेल्या एका कुरणाच्या कडेला मी हेच गृहीतक वनरक्षकाला कुजबुजत समजावत होतो आणि बुटातला खडा काढायला समोरच्या काळ्या खडकाकडे निघालो होतो.

“तेथं बसू नका जी.”

“का?”

“त्या खडकाले पाय हायेत.”

पाय होते, चार, आणि गुडघ्यापर्यंत पांढरे. टनाच्या घरातला गवा मान वर करून माझ्याकडे बघत होता. मी लगबगीने रेंजफाइंडर डोळ्याला लावला. तो उलटा धरल्यामुळे गवा पुष्कळ लांब दिसला, एवढाच काय तो दिलासा. गव्याने मला मोजदादीच्या लायकीचं मानलं नाही. तो पुन्हा गवताला लागला.

उरल्या लेंड्या. दर चारशे मीटरवर वीस मीटर लांब, दोन मीटर रुंद पट्टा आखून त्या मोजतात. इथे मात्र माझा अभ्यास पक्का होता. चौसिंगा ठरावीक जागी लेंड्या टाकतो, तिथे ढीग साचतो. असा सुरेख ढीग दिसताच मी पट्टी ठेवून फोटो काढले आणि निकाल दिला: चौसिंगा!

वनरक्षक वाकला. “नोहे जी. बकरी व्हय.” थोडा थांबून म्हणाला, “माह्या सासऱ्याची असंल.”

परतताना रेंज आली तसे फोटो आपोआप घरच्या ग्रुपवर गेले. मावशीचा लगेच निरोप: मनुके टपोरे दिसतात, किलोभर आण.