खाड्यावरचा कलावंत

सदाशिव पेठेत ज्याच्याकडे एक जादा खोली आहे, त्याला हा प्राणी नव्याने ओळखून घ्यावा लागत नाही. तो कॉलेजं सुरू व्हायच्या सुमाराला वडिलांबरोबर येतो. वडील बार्शीकडचे नाहीतर परभणीकडचे, हातात कापडी पिशवी. ते नळाला पाणी किती वेळ येतं, अभ्यासाला शांतता आहे का, असले रास्त प्रश्न विचारतात. चिरंजीव खिडकीबाहेर मान काढून विचारतात, "काका, इथून भरत किती लांब?" भरत म्हणजे भरत नाट्य मंदिर. हा प्रश्न कानावर पडला की मी डिपॉझिट एका महिन्याऐवजी दोन महिन्यांचं सांगतो.

माझी वरची खोली कॉट बेसिसवर आहे. तीन कॉट, तीन मुलं. दोघं इंजिनिअरिंग करतात. तिसरा इंजिनिअरिंगला असतो.

त्याचं वर्ष जुलैत सुरू होतं ते अभ्यासक्रमानं नव्हे, पुरुषोत्तम करंडकाच्या लॉट्सनं. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवत आली आहे. ऑगस्टात प्राथमिक, सप्टेंबरात अंतिम. इनसेम परीक्षाही नेमकी त्याच्या आसपास टपकते. दोघांपैकी एकानं तारीख पुढे ढकलावी असं त्याचं मत आहे. कुणी, ते तो बोलत नाही. पण बोट विद्यापीठाच्या दिशेला असतं. पुरुषोत्तम आटोपला, की मुलगा आता तरी वह्या उघडेल असं वाटतं, तोवर फिरोदिया करंडकाचं वारं सुटतं. त्यात सगळ्या कला चालतात. तबला, रांगोळी, जादूचे प्रयोग, काय वाटेल ते. त्यामुळे खोलीत जे कुणी येईल त्याला हा पहिल्यांदा विचारतो, "तुला काय येतं?" गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही विचारलं. तो शिट्टीवर गाणी वाजवायचा. पण विद्यार्थी नव्हता म्हणून वाचला.

आता पैसे. ते नसतातच. आणि तरीही नाटक उभं राहतं, याचं मला बरीच वर्षं कोडं होतं. मग मेसवाल्या मावशींनी उलगडा केला: खाडा.

पुण्यात न राहिलेल्यांसाठी सांगतो. आपण गावाला जाणार असलो तर मेसला आदल्या दिवशी कळवायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे वळते होतात. आमच्या मावशींचा नियम सलग तीन दिवसांचा. या मुलाच्या आजीला त्या एका पावसाळ्यात चार वेळा बरं नव्हतं. प्रत्येक दुखण्यातून नेपथ्यासाठी प्लायवूडचा एक फ्लॅट निघाला. नवा प्रवेश लिहून झाला की मावशी म्हणायच्या, "आता आजी परत पडणार." एकदा तो त्यांना समोरच्या टपरीवर वडापाव खाताना दिसला.

"काय रे, गावाहून कधी आलास?"

"आत्ताच, मावशी."

"आणि जाणार कधी?"

"हे काय, निघालोच."

त्याचं सगळंच खाड्यावर चालतं. झोपेचा खाडा, लेक्चरचा खाडा, आंघोळीचा तर विचारू नका. जिथून काही वळतं करता येईल तिथून करायचं आणि नाटकात घालायचं. चहाला दहा रुपये नसतात, पण रविवारी जुन्या बाजारात कर्णा गेलेला ग्रामोफोन दिसला, की खिशातून शंभराच्या नोटा निघतात. कशा, ते विचारायचं नाही. त्याची एक हिशेबाची वही आहे. मी पाहिली आहे; तीसुद्धा माझ्याच जुन्या डायरीची. 'येणे' या बाजूला एकच ओळ, 'शिष्यवृत्ती'. 'देणे' या बाजूला तीन पानं, आणि त्यात आमचं भाडं 'किरकोळ' या सदरात.

सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र बघण्यासारखं असतं. रात्री अकराला तो खाली येतो. "काका, टीपॉयची काच मिळेल?" काच दोन खुर्च्यांवर आडवी ठेवायची, खाली बल्ब लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी, आणि रेघेवर रेघ ओढत सुटायचं. याला जीटी मारणं म्हणतात. ही विद्या मला पटत नाही, पण पोराचा हात बघत राहावा असा चालतो. उजव्या हातानं बेअरिंगचा छेद उतरतोय, डाव्या हातात संहिता, तोंडानं खालच्या मानेनं समोरच्याला, "नाही, 'बाबा' म्हणताना थांब. श्वास घे. मग म्हण." समोरचा म्हणजे खोलीतला दुसरा मुलगा, ज्याला नाटकात काम नको आहे आणि ज्याची शीट काचेवर आहे. सकाळी याच्या शीटवर मापं बरोबर असतात. फक्त एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं, 'इथे निळा स्पॉट'.

प्रयोगाला मला पास मिळतो. तो भाड्यात धरलेला असतो.

भरतमध्ये त्या दिवसांत शिरायचं तर कानात बोळे घालून जावं. बाल्कनीतून 'अरे आवाऽऽज कुणाचा' सुरू होतो, तो पडदा वर जाईपर्यंत. पडदा वर गेला आणि माझी आरामखुर्ची रंगमंचावर. शेजारी आमचा कंदील. भिंतीवर माझे आजोबा, हार घालून. ते कथेत त्याच संध्याकाळी वारलेले होते. खुर्चीत बसून नायकाचा बाप कर्जाचा हिशेब करत होता. त्याची मधली वाक्यं फार चांगली होती, उगाच नाव ठेवणार नाही. पैसे मोजून झाल्यावर तो बाप पिशवीची घडी घालतो, पुन्हा उलगडतो, पुन्हा घालतो. तेवढ्यात माझ्या शेजारच्या सीटवरून आवाज आला, "अशी घडी मी घालतो."

वडील आले होते. मुलाला न कळवता. भाडं थकलंय असं मीच त्यांना फोनवर बोललो होतो, आणि घरी कुलपासमोर बसवायला नको म्हणून त्यांनाही बरोबर घेऊन आलो होतो.

बाहेर पारावर मुलगा मेकअप न पुसता समोर उभा. वडिलांनी विचारलं, "यात मार्क किती?"

"मार्क नाहीत. नंबर आला तर करंडक."

"पहिला आला तर मिळतोच?"

आता काय सांगणार? 2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नव्हता. मुलानं ते प्रामाणिकपणे सांगितलं. वडील बराच वेळ बघत राहिले. पीक उभं असून भाव न मिळण्याचा त्यांना चांगला अनुभव असावा. ते रागावले नाहीत. "बनियन माझा दिला होतास का त्या पोराला? मापाचा नव्हता," एवढंच म्हणाले.

सकाळच्या गाडीनं जाण्याआधी त्यांनी माझं भाडं दिलं, मग मेसवर जाऊन चार महिन्यांचे पैसे एकदम भरले आणि मावशींना बजावलं, "याचा खाडा मांडायचा नाही. आजी ठणठणीत आहे."

मला वाटलं, आता रंगभूमी बसली. आठवड्यानं पाहतो तर मुलगा रोज रात्री चार पुडांचा डबा बांधून घेऊन निघालेला. खाडा मिळत नसला तरी पार्सल मिळतं. लाइट्सवाल्याला ठरलेली बिदागी आता पोळी-भाजीत पोचते, आणि रविवारी फीस्ट असते म्हणून त्या दिवशी म्युझिकवालाही तालमीला वेळेवर येतो.