खाडिलकरांच्या पोरी आणि लंडनचा मिजासखोर

आक्का, जरा कुंपणापाशी या की. सूप ठेवा खाली, ज्वारी काय पळून जात नाही. कोपऱ्यावरच्या घरातलं कळलं का? धाकटी बार्शीला शाळांच्या बुद्धिबळ स्पर्धेला गेली, पोरांना हरवून कप घेऊन आली. आणि चुलता म्हणतो, पोरीनं पोरांत खेळायचं कामच काय?

"आयकलं म्या. संतनाथाच्या देवळापुढं बसून समद्यास्नी सांगत हुता. वर म्हनतोय, बुद्धिबळ काय भाकरी देतंय व्हय."

त्याला म्हणावं, गिरगावात काय झालं ते ऐक. १९७६ साल. रोहिणी खाडिलकर, वय तेरा. पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. त्याआधी कुणी बाई तिथं खेळलीच नव्हती. झालं, मोठमोठ्या खेळाडूंच्या पोटात दुखायला लागलं. प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष माक्स युवे, स्वतः एकेकाळचे जगज्जेते, त्यांनी ठणकावलं की बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धेबाहेर ठेवता यायचं नाही. तेरा वर्षांच्या पोरीपायी एवढा खटाटोप!

"मंग, जितली का?"

स्पर्धा नाही जिंकली. पण तीन राज्यांचे विजेते पाडले तिनं. पुढं १९८१ ला हैदराबादला आशियाई विजेती झाली, बारा डावांत साडेअकरा गुण. म्हणजे सगळ्या स्पर्धेत एकच डाव बरोबरीत, बाकी समोरच्या सगळ्या जणी गारद. १९८३ ला क्वालालंपूरला पुन्हा तेच पद.

आणि ती एकटी नव्हती बरं का. तिघी बहिणी. बायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली १९७४ ला, बंगळूरला. पहिली विजेती वासंती. मग जयश्री, मग रोहिणी. पहिली दहा वर्षं हे पद त्या घराबाहेर गेलंच नाही. नंतर सांगलीच्या भाग्यश्री साठेनं ते काढून घेतलं. जयश्री तर महिला इंटरनॅशनल मास्टर झालेली पहिली भारतीय, १९७९ ला.

"एका घरात तीन? आय-बाप काय खाऊ घालत हुते?"

शाई! हसू नका, घरच वर्तमानपत्राचं. वडील नीलकंठ खाडिलकर, 'नवाकाळ'चे संपादक. लोक त्यांना अग्रलेखांचा बादशहाच म्हणायचे. आणि पणजोबा कोण? मध्यंतरी तो मानापमानचा पिक्चर आला होता ना, ते मूळ नाटक ज्यांचं ते काकासाहेब खाडिलकर. जन्म १८७२ चा, सांगलीचा. टिळकांच्या 'केसरी'त घडलेला माणूस. 'कीचकवध' लिहिलं तर इंग्रजांना त्यातला कीचक म्हणजे आपला कर्झनसाहेबच दिसला, १९१० ला बंदी घातली. १९२३ ला 'नवाकाळ' काढला. लिखाणापायी तुरुंगातही जाऊन आले.

आता माझं म्हणणं ऐका. एरवी बुद्धिबळवाले पेपरात जायचे ते पोटासाठी. स्टाँटन घ्या, लंडनचा. तुमच्या मामंजींच्या काळातल्या सोंगट्या आठवतात?

"आठवत्यात की. लाकडाच्या. पट कापडाचा. प्यादं एकच घर जायचं. आन् राजाला एकदा घोड्यावानी उडी असायची."

तेच ते, आपलं जुनं देशी. किल्लेकोट नव्हताच त्यात. आता ती पोरगी खेळते त्या सोंगट्या, घोड्याचं मुंडकं नि खाली गोल बैठक, त्यांना जगभर स्टाँटनचंच नाव. आणि ह्या पठ्ठ्यानं त्या कोरल्या नव्हत्या. १८४९ ला दुसऱ्याचा कारखाना, दुसऱ्याचा नमुना, नाव मात्र ह्याचं. मग लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात जो रकाना हा लिहायचा, त्यातच त्याच सोंगट्यांची तोंड भरून तारीफ! १८४५ पासून १८७४ ला मरेपर्यंत तो रकाना ह्याच्याच हातात होता.

"आपलीच आरती, आपल्याच तबकात."

पुढची तर खरी गंमत. १८५१ ला लंडनला जगातली पहिली मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा ह्यानंच भरवली. आणि अँडरसन नावाच्या जर्मन मास्तराकडून हरला. मास्तर बरं का, शाळेतला, गणिताचा! मग स्पर्धेचं पुस्तक लिहायला बसला तेव्हा आपल्या तब्येतीचं गाऱ्हाणं गायला विसरला नाही. १८५८ ला अमेरिकेहून मॉर्फी आला, एकवीस वर्षांचं पोर, खास ह्याच्याशी खेळायला समुद्र ओलांडून. हा आज खेळतो, उद्या खेळतो. का, तर शेक्सपिअरची नाटकं संपादतोय, सवड नाही! मॉर्फी वाट बघून गेला. सामना झालाच नाही. वर रकान्यातून टोमणे. माणूस हुशार, लिहिणारा पट्टीचा, पण लेखणी हातात असली की हरलेला डावसुद्धा अर्धा जिंकता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"आपल्या गावात तर त्याबिगरबी जमतंय. देवळापुढं बसलं की झालं."

आता गिरगावच्या घरात बघा. पेपर आधीपासून घरचा, खेळ मागनं आला. घरचा छापखाना असताना त्या पोरींना पटावर जाऊन गुण आणावेच लागले, अग्रलेख लिहून हैदराबादचे साडेअकरा कुणी देत नाही. मला ह्याचंच अप्रूप वाटतं. मग रोहिणीनं १९९३ ला खेळ थांबवला आणि काय केलं सांगा?

"लगीन?"

छपाईची पदविका! पेपर चालवायचा तर यंत्र कसं चालतं ते कळायला नको? १९९८ ला त्यांच्याच 'संध्याकाळ'ची संपादक झाली, महाराष्ट्रातल्या सायंदैनिकाची पहिली बाई संपादक. जयश्री 'नवाकाळ'ची संपादक झाली.

"म्हंजी भाकरी दिली म्हना की."

तव्यासकट! सांगा त्या चुलत्याला.

"म्या कशाला? तुमीच सांगा. त्यो सांजच्याला दूध घ्याया येतुया तुमच्याच दारात. आन् हे बघा, पोरीला म्हनावं ते राजाच्या घोडउडीचं मला इचारून जा. ह्या नव्या खेळात तेवढं चुकलंय."