टॅपेट वाजतंय! नवशिक्यांसाठी पाठ पहिला

अभिनंदन. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं हेड तुम्ही स्वतःच्या हातांनी उतरवलंत, व्हॉल्व्ह नवे घातलेत, पुशरॉड बदललेत, रॉकर पुसून परत बसवलेत, आणि मुख्य म्हणजे चहाच्या बशीत एकही नट उरला नाही. किक मारलीत, गाडी सुरू झाली. कौतुकाने घरच्यांना बाहेर बोलावलंत. आणि नेमकी तेव्हाच उजव्या बाजूने, आजवर कधी न ऐकलेली, टिक् टिक् टिक् सुरू झाली.

पहिली पायरी म्हणजे ‘हा आवाज आधीपासूनच होता’ असं घरात जाहीर करणे. ही सगळ्यांना जमते, म्हणून तिच्यावर शाई घालवत नाही.

दुसरी पायरी : गाडी फाटकाबाहेर स्टँडवर लावा आणि चालू ठेवा. पाच मिनिटांत तज्ज्ञ जमतील. पहिला सांगेल, ऑइल बदला. दुसरा विचारेल, ऑइल कुठलं टाकलंय? तुम्ही कुठलंही नाव घ्या, ‘तिथंच चुकलं’ असंच तो म्हणणार. तिसरे काका पाठीमागे हात बांधून दोन मिनिटं ऐकतील आणि ‘टायमिंग चेन’ असा निकाल देऊन भाजी आणायला जातील. काकांना नमस्कार करा, पण चेन शोधायला जाऊ नका. या इंजिनात टायमिंग चेन नाहीच. क्रँककडून कॅम फिरतात ते दातेरी चाकांवर, आणि ती चाकं बिघडली तर टिकटिकत नाहीत, कण्हतात.

आता जरा कामाचं. आवाज मोजायला शिका. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो. आणि त्याच दोन फेऱ्यांत सिलिंडर एकदाच ‘डुग’ म्हणतो. आयडल कमी करा आणि ताल धरा. एका डुगेमागे एक टिक पडत असेल, तर व्हॉल्व्हच्या गोतावळ्यात शोधायचं. एका डुगेमागे दोन टिका पडत असतील, तर एक तर दोन्ही टॅपेट वाजतायत, नाहीतर भानगड खाली क्रँकपाशी आहे. खालून येणारा आवाज जाड असेल, ‘टक्’ऐवजी ‘ठक्’ असेल, तर गाडी बंद करा, मिस्त्रींना फोन करा आणि हा पाठ मिटून ठेवा. चार सिलिंडरच्या गाडीत ही मोजणी करताना माणूस वेडा होईल. बुलेटमध्ये ती तबल्याच्या पहिल्या धड्याइतकी सोपी आहे.

यानंतर लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक रॉकरच्या झाकणावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाला लावा. मूठ, टोक नव्हे. हसू नका, हे लिहावं लागतं. एका झाकणाखालून आवाज मोठा येतो, दुसऱ्याखालून कमी. तेवढंच कळतं, पण तेवढंही पुष्कळ झालं.

टॅपेटला दोष देण्याआधी दोन तोतये पकडा. हेड काढताना सायलेन्सरचा पाइपही निघालेला असतो. तो परत नीट बसला नसेल तर जोडातून गॅस फुसफुसतो, आणि गंमत अशी की तो आवाज हुबेहूब टॅपेटसारखाच येतो. ओळख सोपी आहे : इंजिन गार असताना मोठा, तापलं की कमी, आणि जोडाभोवती काजळी. या इंजिनाचा टॅपेट बहुधा उलटा वागतो, तापल्यावर जास्त बोलतो. दुसरा तोतया प्लगची वायर. ती चिरली असेल तर ठिणगी बाहेरच उडते आणि टिकटिकते. रात्री दिवा मालवून बघा. निळा काजवा दिसला तर उघडलेलं हेड उगीच बदनाम होत होतं.

दोघंही निर्दोष ठरले, तर आपण शेवटचा हात कुठे लावला ते आठवा. रॉकर ज्या ठोकळ्यात बसतो त्याचं वरचं झाकण आणि खालचा भाग हे जोडीचे असतात. त्यांची अदलाबदल झाली किंवा झाकण उलटं बसलं, तर तेलाचं भोक बुजतं आणि रॉकर कोरडा पडतो. बाहेरून रॉकरकडे जाणाऱ्या तेलनळीचा बोल्ट इंजिन चालू असताना हलकेच सैल करा. तेल पाझरलं पाहिजे. पाझरलं नाही तर आधी तेल, मग टॅपेट.

टॅपेटचं दार सिलिंडरच्या उजव्या बाजूला, बुडाशी. गाडी पूर्ण गार हवी. रात्रभर उभी असेल तर उत्तम. प्लग काढा, टॉप गियर टाका, मागचं चाक हाताने पुढे फिरवा. इनलेटचा पुशरॉड वर जाऊन खाली आला की बेताने आणखी थोडं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला येईपर्यंत. प्लगच्या भोकात काडी घालून पिस्टन शोधायचा मोह होतो. भोक तिरकं आहे, काडी अडकते, आणि मग पुढचा पाठ त्या काडीवर लिहावा लागतो. या जागी दोन्ही पुशरॉड मोकळे असतात. माप एकच : पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. फीलर गेज लागत नाही. पाने लागतात तीन आणि देवाने हात दिलेत दोन, त्यामुळे लॉकनट आवळताना माप हमखास हलतं. पुन्हा बघा. पुन्हा हललं असेल. पुन्हा बघा.

इथे माझी फजिती सांगतो. नवे पुशरॉड घातल्यावर माझ्या गाडीचीही टिकटिक सुरू झाली. रविवारी संध्याकाळी फेरी मारून आलो, इंजिन तापलेलं, आवाज डोक्यात जात होता. तसंच दार उघडलं आणि फट शून्यावर आणली. काय सांगू, इतकी गुळगुळीत गाडी मी आयुष्यात ऐकली नव्हती. शेजाऱ्यांना बोलावून ती शांतता ऐकवली. सोमवारी सकाळी किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली गेला. कॉम्प्रेशन गायब. तापलेलं इंजिन फुगतं आणि फट वाढते. गार झाल्यावर ती फट मिटते. गरम असताना शून्य केलं, म्हणजे गार झाल्यावर शून्याच्याही खाली. व्हॉल्व्ह रात्रभर किंचित उघडा राहिला. गाडी ढकलत नेली तेव्हा मिस्त्रींनी किकला नुसता हात लावला आणि म्हणाले, “आवाज बंद केलात होय?”

सैल टॅपेट कटकट करतो, भाग हळूहळू झिजवतो, पण तक्रार तरी करतो. घट्ट टॅपेट एक शब्द बोलत नाही आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जाळतो. बंद झालेला व्हॉल्व्ह आपली उष्णता सीटला देतो. बसायलाच न मिळालेला ती कुणाला देणार? म्हणून हलकी टिकटिक राहिली तर राहू द्या.

आणि आठवडाभरात ती आपोआप कमी झाली तर पेढे वाटू नका. नवा व्हॉल्व्ह सीटमध्ये किंचित आत बसतो, त्याची दांडी तेवढी वर येते, हेडचे नट पुन्हा आवळले की हेडही जरा खाली येतं. दोन्हींमुळे फट कमीच होते. सुमारे ५०० किलोमीटरनंतर दार पुन्हा उघडा, आवाज असो वा नसो. नंतरच्या यूसीई इंजिनवाल्यांनी हे दार शोधू नये. त्यांचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, नवे घातल्यावर तेल भरेपर्यंत थोडे वाजतात आणि आपले आपण गप्प होतात.

शेवटचं : टॅपेटच्या दाराला एकच नट आहे. तो बेतानं आवळा. जोर लावला तर झाकण वाकतं, आणि मग उजवा बूट कायमचा तेलकट.